आधी बंबाचं बघा, चुलीकडं नंतर वळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडायला लागली की तुमच्या पेपरात हवेच्या बातम्या सुरू होतात. एक्यूआय म्हणजे हवेच्या प्रदूषणाचा आकडा एवढा झाला, पीएम २.५ म्हणजे हवेतले अगदी बारीक कण तेवढे झाले, आणि खाली कारणं ठरलेली, गाड्या, रस्त्यावरची धूळ, बांधकामं, कारखाने. सगळं बरोबर आहे, नाही म्हणत नाही. पण सकाळी सहा ते आठ आमच्या पेठेत गल्लीभर जो धूर खाली बसून राहिलेला असतो तो कुठल्या कारखान्याचा ते एकदा सांगा. त्या वेळेला बांधकामावरचे गवंडी पण उठलेले नसतात. तो धूर आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबाचा आहे. कोल्हापुरात राहणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, फक्त लिहायला कुणी तयार नाही, कारण बंब सगळ्यांच्याच घरात असतो, पुढाऱ्याच्या पण आणि पत्रकाराच्या पण.

घरात लाकूड जाळण्यावर नियम पाहिजे का असा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते चुली बंद करा, दुसरी म्हणते गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. मला दोन्ही पटत नाही. नियम पाहिजे आणि चांगला कडक पाहिजे, पण ज्याच्या घरात गॅस आहे, लाइट आहे, गच्चीवर सोलर बसवायला जागा आहे आणि तरीपण जो नुसत्या सवयीनं लाकूड जाळतो, त्याच्यापासून सुरुवात करा. राधानगरी-भुदरगडकडच्या डोंगरातल्या बाईच्या चुलीपर्यंत सगळ्यात शेवटी जावा, आणि जाताना हातात दंडाची पावती नको, भरलेला सिलिंडर पाहिजे.

हे मी हवेत बोलत नाही. बरीच वर्षं मी एका गॅस एजन्सीत बुकिंगच्या खिडकीवर बसून काढलीत. कोण गॅस कधी घेतं, कधी घेत नाही आणि का घेत नाही, हे सरकारी अहवाल यायच्या आधी खिडकीवर बसणाऱ्या माणसाला कळतं. त्याच्याकडं येते पुढं.

पहिला बंब. आताच्या फ्लॅटमधल्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगते, तांब्याचं उभं भांडं, मधनं आरपार नळी, खाली जाळी, नळीत जळण टाकायचं, वरनं गार पाणी ओतलं की तोटीतनं कढत पाणी बाहेर. डोकं लावून केलेली वस्तू आहे यात वाद नाही. पण तिला धुराडं नसतं, नळीचं तोंड असतं तेवढंच, आणि ते बंब पेटवणाऱ्या बाईच्या नाकाच्या उंचीवर. चांगलं वाळलेलं जळण असेल तर पेटेपर्यंत धूर आणि मग कमी. पण वखारीतलं लाकूड महाग झालं तसं बंबात काय काय जायला लागलंय बघा, नारळाची सोडणं आणि करवंट्या ठीक आहे, पण सुताराकडचे प्लायचे तुकडे, सनमायका, ऑइलपेंट मारलेली जुनी चौकट, थर्माकोल, दुधाच्या पिशव्या, आणि पेटवायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा नाहीतर तुटकं स्लीपर. स्लीपर एका काडीत पेट घेतं हे खरं आहे, त्यामुळंच तर सगळे वापरतात. प्लायच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं, पीव्हीसी जळलं की डायऑक्सिन तयार होतं, रबर जाळलं की काय होतं ते तर डोळ्यांनी दिसतं. आमच्या गच्चीवर सकाळी पांढरा शर्ट वाळत घातला तर त्यावर बारीक काळे तुकडे येऊन बसतात, हातानं झटकले की पसरून डाग पडतो, फुंकर मारूनच उडवावे लागतात. शर्टाचं जाऊ दे, दिसतात तेवढे कण मोठे आहेत, छातीत जाऊन बसणारे पीएम २.५ दिसत पण नाहीत.

आणि हे नेमकं थंडीतच जास्त का? कारण थंडीच्या पहाटे गार हवा जमिनीलगत बसते, तिच्यावर ऊबदार हवेचा थर झाकणासारखा येतो, धूर वर जातच नाही. म्हणजे बंब सगळ्यात जास्त पेटायचा सीझन आणि हवा सगळ्यात कमी हलायचा सीझन एकच. त्यात पेठेतल्या गल्ल्या अरुंद, घराला घर चिकटलेलं. एका घरातला धूर बोळात उतरतो आणि समोरच्याच्या खिडकीतनं आत जातो, तिथं गॅसवर स्वयंपाक करणारी बाई असते जिनं आयुष्यात चूल फुंकलेली नाही.

आपल्या देशाचा नियम सांगतो की पीएम २.५ एका घनमीटर हवेत दिवसाला सरासरी ६० मायक्रोग्रॅम आणि वर्षाला ४० च्या वर जायला नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये तोच आकडा दिवसाला १५ आणि वर्षाला ५ वर आणला. आपण ६० लाच धापा टाकतोय. २०१९ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम काढला, त्यात महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत, कोल्हापूर आहे, सांगली आहे, सोलापूर, लातूर, जळगाव, चंद्रपूर सगळी आहेत. मुंबई-पुण्याचंच दुखणं आहे असं आता कुणी म्हणू नये. घरातल्या धुरानं जगात वर्षाला ३२ लाख माणसं मरतात असा आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे, त्यात बायका आणि लहान पोरं जास्त, कारण चुलीपुढं तीच बसतात.

आता कुणी म्हणेल की माझ्या घरात मी काय जाळतो त्यात सरकारचा काय संबंध. तर संबंध आहे आणि आजचा नाही. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यातलं कलम १९ काढून वाचा. राज्य सरकार एखादा भाग हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, त्या भागात कुठलं इंधन जाळायचं नाही ते ठरवू शकतं, मंजूर नसलेलं जाळायचं उपकरण वापरायला बंदी घालू शकतं. कारखान्यातलं उपकरण असं नाही, त्या भागातल्या कुठल्याही जागेतलं. म्हणजे बंब पण आला आणि शेगडी पण आली. चाळीस वर्षांच्या वर झाली कायद्याला, पण घरापर्यंत तो कधी आलाच नाही, कारखान्याच्या गेटवरच थांबला.

त्याची दुसरी बाजू पण सांगते. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं या कायद्यातली तुरुंगाची भाषा बरीच काढून दंड आणला, दहा हजारापासून पंधरा लाखापर्यंत. आता चुलीवर भाकरी थापणाऱ्या बाईला दहा हजाराचा दंड कोण मारणार आणि मारला तर ती देणार कुठनं? म्हणून मग कुणीच काही करत नाही. मोठा दंड पुस्तकात लिहून ठेवायचा आणि खाली काहीच करायचं नाही, ही आपली जुनी पद्धत आहे. कचरा जाळण्याचं पण तेच, हरित लवादानं २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजार असं ठरवलं, आणि आमच्या इथं रोज सकाळी झाडलोट झाली की पाल्याचा ढीग पेटतोच, कधीकधी झाडणाराच पेटवतो. मग तोच कचरा घरात नेऊन बंबात घातला की तो कचरा राहत नाही, जळण होतो!

लंडनचं उदाहरण देते, परदेशाचं कौतुक म्हणून नाही, कामाचं आहे म्हणून. डिसेंबर १९५२ मध्ये तिथं पाच दिवस धुरकं बसलं, हजारो माणसं गेली. घराघरातल्या कोळशाच्या शेगड्यांचा धूर त्यात मोठा होता. १९५६ ला त्यांनी क्लीन एअर अॅक्ट आणला, गल्लोगल्ली धूरबंदीचे भाग जाहीर केले. पण नुसती बंदी नाही केली, घरातली शेगडी बदलायचा जो खर्च येईल त्यातला दहा भागातले सात भाग मालकाला परत मिळायची सोय त्याच कायद्यात होती. आपल्याकडं कायदा पण आहे आणि योजना पण आहे, पण दोघांची गाठ कुणी घालत नाही, कायदा एका खात्याकडं, सिलिंडर दुसऱ्याकडं. आणि गंमत म्हणजे आता तिथं परत लाकडाच्या शेगड्या आल्यात, गरिबीनं नाही तर हौसेनं, दिवाणखान्यात छान दिसते म्हणून. त्यावर इंग्लंडनं मे २०२१ पासून ओल्या लाकडाच्या किरकोळ विक्रीवरच बंधन घातलं, लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत पाहिजे. घरात शिरायची गरजच नाही, दुकानात पकडलं. आपल्याकडं वखारीत ओलं लाकूड राजरोस मिळतं, वजनात भर पडते म्हणून वखारवाल्याला तेच परवडतं, आणि गिऱ्हाईक पाण्याचे पैसे देऊन धूर विकत घेतं.

हौसेवरनं आठवलं, हायवेला जावा, दर दोन किलोमीटरला बोर्ड, चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी, चुलीवरची मिसळ, एका ठिकाणी तर चुलीवरचा चहा. खाणारे एसीत बसतात आणि मागं पत्र्याच्या शेडमध्ये बायका दिवसभर त्या धुरात बसून भाकरी थापतात. या हॉटेलवाल्यांना नियम लावायला काय अडचण आहे? धंदा आहे, लायसन आहे, धुराडं आणि पंखा बसवायची ऐपत आहे. मुंबईत हायकोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूरवाल्यांना सहा महिन्यात गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं तेव्हा पावाची चव जाणार म्हणून केवढा गलका झाला. चवीचं दुःख मला पण आहे, पण भट्टीत भंगारातलं लाकूड आणि जुनं फर्निचर जातं हे कळल्यावर चवीचं कौतुक जरा कमी होतं. मुंबईत बेकरीला एक न्याय आणि आमच्याकडं ढाब्याला दुसरा का?

आता चुलीचं. उज्ज्वला योजना २०१६ च्या मे महिन्यात सुरू झाली, आठ कोटींचं टार्गेट सप्टेंबर २०१९ मध्ये पूर्ण झालं आणि ते आठ कोटीवं कनेक्शन आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादला पंतप्रधानांच्या हातानं दिलं गेलं. आता देशात दहा कोटींच्या वर कनेक्शन आहेत. हे मोठं काम झालं, खिडकीवर बसून मी स्वतः फॉर्म भरून घेतलेत, बायकांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघितलाय. पण कनेक्शन मोजून काय उपयोग, रिफिल मोजा. उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी चारच्या आसपास सिलिंडर जातात, बाकीच्या घरात सहा-सात. म्हणजे बराचसा स्वयंपाक अजून चुलीवर.

का घेत नाहीत याचं उत्तर टीव्हीवर सांगतात, अडाणी आहेत, सवय आहे, चुलीवरचं चवीला लागतं. खिडकीवर मला हे एकाही बाईनं सांगितलं नाही. सांगायच्या त्या वेगळंच. एक तर सिलिंडरचे सगळे पैसे एकदम बाहेर काढायला लागतात. सबसिडीचे पैसे नंतर खात्यावर येतात, राज्याच्या अन्नपूर्णा योजनेतले तीन मोफत सिलिंडर पण तसेच, पैसे आधी भरायचे मग परत येणार. ज्या घरात आठवड्याला मजुरी येते तिथं आधी भरायचे म्हणजेच नाही भरायचे. त्यात अन्नपूर्णेला कनेक्शन बाईच्या नावावर पाहिजे, म्हणून नवऱ्याचं नाव काढून बायकोचं लावायला खिडकीवर ही रांग लागली होती, सासू वारली तरी कार्ड सासूच्याच नावावर असे कितीतरी. दुसरं म्हणजे गाडी वरच्या वाडीला जात नाही, सिलिंडर फाट्यावर उतरवून देतात, तिथनं मोटरसायकलवर नाहीतर डोक्यावर. आणि तिसरं जे कुणी मोजतच नाही, चुलीवर नुसता स्वयंपाक होत नाही. म्हशीचं आंबोण शिजवायचं असतं, सगळ्या घराच्या आंघोळीचं पाणी तापवायचं असतं, पावसाळ्यात त्याच उबेवर कपडे आणि पुढचं जळण वाळतं. राधानगरीकडं माझ्या मावसजावेकडं वैलाची, म्हणजे बाजूला दुसरं तोंड असलेली चूल आहे, पुढच्या तोंडावर भाकरी, वैलावर आमटी, आणि वरच्या माळ्यावर ओली लाकडं रचून ठेवलेली, जून-जुलैच्या पावसात दुसरं करणार काय. चहा, पोरांचा डबा, पाहुणे आले तर पोहे, हे सगळं ती गॅसवर करते. तिला धूर आवडतो असं कुणी समजू नये, तिचे डोळे बघा म्हणजे कळेल.

पाच किलोचा छोटा सिलिंडर उज्ज्वलावाल्यांना बदलून घेता येतो, कागदावर सोय आहे. पैसे कमी लागतात, उचलून नेता येतो. आमच्याकडं विचारायला बाई आली की स्टॉक नाही हे उत्तर ठरलेलं, कारण त्यात कमिशन कमी आणि हमाली तीच. नियमन करायचं तर इथं करा ना, एजन्सीनं छोटा सिलिंडर ठेवलाच पाहिजे म्हणून.

निर्धूर चुलीचा विषय कुणीतरी काढणार म्हणून आधीच बोलते. १९८० च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तीन कोटींच्या वर चुली बसल्या आणि २००२ ला तो बंद झाला. आमच्या माहेरी पण सिमेंटचा पाइप लावलेली चूल बसवून गेले होते, पाइप काजळीनं भरला, साफ कसा करायचा ते कुणी सांगितलं नव्हतं, शेवटी आजीनं ती फोडून परत मातीची घातली आणि पाइप परसात दुधीच्या वेलाला आधार म्हणून लावला. बसवून जाणं सोपं, दोन वर्षांनी येऊन बघणं कुणाच्या टार्गेटमध्ये नसतं. आता तर आयएस १३१५२ नावाचं मानक पण आहे, साध्या चुलीची उष्णता वापरायची क्षमता निदान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के पाहिजे, धुराचे कण किती चालतील त्याची पण मर्यादा आहे. पण हे मानक उचलून नेता येणाऱ्या स्वयंपाकाच्या चुलीचं. आंघोळीच्या पाण्याच्या बंबाचा त्यात पत्ता नाही, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या शहरात सकाळचा धूर करतो तो बंबच.

म्हणून महापालिकेनं आणि प्रदूषण मंडळानं बंबापासून सुरू करावं. प्लास्टिक, रबर, प्लाय, रंगवलेलं लाकूड बंबात-चुलीत घालायचं नाही, हा नियम उद्या सकाळपासून लावता येतो, त्याला ना योजना लागते ना निधी, घंटागाडीवर गाणं वाजतं त्यात दोन ओळी घाला. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा शंभर-दोनशे रुपये, दहा हजार नकोत. नवीन बंब विकायचा तर त्याला धुराडं असलंच पाहिजे आणि ते छपराच्या वर गेलंच पाहिजे, आपल्याकडचे तांबट कारागीर हे सहज करून देतील, त्यांचा धंदा बुडवायचा नाही. आणि बंब काढून सोलर बसवणाऱ्याला घरफाळ्यात सवलत द्या, पुण्यात सोलरला मिळकतकरात सवलत कधीपासून आहे.

गीझरच्या पाण्यानं आंघोळ केल्यासारखी वाटत नाही म्हणणाऱ्यांना मी काय सांगणार, आमच्या घरात पण एक आहेत. पण हिशोब करा, वीस लिटरची बादली आंघोळीपुरती तापवायला साधारण अर्धा युनिट लाइट लागते, आपापल्या बिलाच्या दरानं त्याचे पैसे काढा. वखारीचा दर आणि तेवढ्या पाण्याला लागणारं लाकूड ज्याचं त्यानं मोजावं. फक्त एक, बंब काढून गॅस गीझर लावणार असाल तर तो बाथरूमच्या आत लावू नका. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं गेल्याच्या बातम्या तुमच्याच पेपरात दर थंडीत येतात, त्याला वास नसतो, काही कळत नाही. बाहेर लावा, नुसता पाइप आत घ्या.

ग्रामीण भागात दंडाचं नाव पण नको. तिथं सबसिडी आधीच वजा करून सिलिंडर द्या, छोटा सिलिंडर ठेवा, वाडीपर्यंत गाडी न्या, आणि ज्यांच्या गोठ्यात दोन-चार जनावरं आहेत त्यांना गोबरगॅस, पण दुरुस्तीला माणूस ठेवून. आमच्या कोल्हापूरकरांनी होळी लहान करून शेणी म्हणजे गोवऱ्या स्मशानभूमीला द्यायला सुरुवात केली तेव्हा कुणी दंड केला नव्हता, गल्लीतल्या मंडळांनी उचलून धरलं म्हणून झालं. बंबातल्या स्लीपर-ट्यूबचं पण मंडळांनी मनावर घेतलं तर एका सीझनमध्ये फरक दिसेल.

तुम्हाला पण एक काम सांगते. गॅस वाटपाच्या कार्यक्रमाचे फोटो भरपूर छापून झाले. आता जिल्ह्यात तालुक्यावार उज्ज्वलाच्या किती घरांनी वर्षात किती रिफिल घेतले, शून्य आणि एक घेणारी घरं किती, हे आकडे कंपन्यांकडनं मागवा, नाही दिले तर माहिती अधिकारात घ्या, आणि पहिल्या पानावर छापा. पत्र लांबलंय मला कळतंय, कात्री लावायची असेल तर लंडनचं कापा, बंबाचं आणि सिलिंडरचं तेवढं राहू द्या.

आपली,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर